डेलमरच्या हक्काचं नाव

नेब्रास्कातल्या गावोगावच्या मैदानांवर डेलमर प्रुइट आयुष्यभर एका बेसबॉल क्लबसाठी खेळाडू हेरत हिंडला. बायको गेल्यावर तर मोटार हेच त्याचं घर झालं. उंच, रुंद खांद्यांची, देखणी पोरं तो निवडून आणी. त्यातली बरीचशी पुढे कुठे गेली, हे कुणी विचारत नसे.

लाइल कुबियाक ठेंगणा, पोट सुटलेला. पण वाईट चेंडूला तो बॅट लावायचाच नाही. असे चार चेंडू सोडून देई आणि नियमाने फुकट मिळालेल्या पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, आरामात चालत जाई. लोक हसत. डेलमरही हसला. मग अख्खा मोसम बघत राहिला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की याला बाद करणंच कठीण आहे.

निवडीच्या दिवशी क्लबच्या प्रत्येक हेरणाऱ्याला एक नाव आपल्या हक्काने फळ्यावर लावता येई. त्यावर वाद घालायचा नाही, असा रिवाज होता. लाइलचं कॉलेज संपलं होतं. यंदा निवड झाली नाही, तर गावच्या मांसाच्या कारखान्यात नोकरी ठरलेली. "माझ्या हक्काचं नाव तुझंच," डेलमरने त्याच्या आईसमोर, तिच्या हातचं जेवताना शब्द दिला.

निवडीच्या दिवशी तो फळ्याकडे निघाला, तसा त्याचा सहकारी रस्क ओरडला, "काय म्हातारबा, त्या कुबियाकच्या गोळ्याला लावताय म्हणे? त्याची पँट शिवायला तंबूवाला बोलवावा लागेल!"

खोली खिदळली.

"चालत जातो हो तो, धावता येत नाही म्हणून!" दुसरा म्हणाला.

आणि डेलमरच बोलून गेला, "बेसवर सँडविच ठेवा, धावेल की!"

सगळ्यात मोठा हशा त्यालाच मिळाला. त्या हशातच त्याने एका उंच, देखण्या पोराचं नाव लावून टाकलं.

रविवारी तो कुबियाकांकडे गेला. लाइलच्या आईने, वांडाने, कोबीच्या पानात गुंडाळलेलं मांस वाढलं.

"तुम्ही भांडला असाल त्याच्यासाठी. मला ठाऊक आहे, डेलमर."

"जाऊ दे गं," लाइल म्हणाला. "काका एकटे कुठे पुरे पडणार?"

डेलमरने हातातला घास ताटात ठेवला. "मी भांडलो नाही, वांडा. माझा हक्क होता, मी तो दुसऱ्यासाठी वापरला. ते हसले, मीही हसलो. वर एक विनोद केला."

"कसला?" लाइलने विचारलं.

लाइल बघतच राहिला, तेव्हा डेलमरने तो सांगितला.

वांडा उठून आत गेली. लाइलने भांडं त्याच्याकडे सरकवलं. "घ्या काका. आईने तुमच्यासाठी केलंय."

अन्न टाकून उठायची डेलमरची छाती झाली नाही. मान खाली घालून त्याने ताट संपवलं.

पुढे तो काही वर्षं हिंडला. त्या गावात सामना असला, की मात्र रस्कला पाठवत असे.