या शोमध्ये व्हायोला नाही

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी व्हर्ना स्टेंझेल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी यादी आणि फोन घेऊन बसली आणि यादीतलं पहिलं नाव तिने सगळ्यात शेवटी ठेवलं.

मिलवॉकीच्या मोठ्या थिएटरात दौऱ्यावरचा म्युझिकल आला, की कंपनी नट, नाचणारे, कपडे, पडदे, संगीत चालवणारा आणि दोन कीबोर्डवाले बरोबर आणते. बाकीचे आठ-नऊ वादक गावातलेच घ्यायचे. त्यांना फोन करून जमवण्याचं काम एकोणीस वर्षं व्हर्नाकडे होतं. ती स्वतः त्यांच्यात बसून क्लॅरिनेट वाजवायची. दिवसा ती दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची, त्यामुळे माणसांना गोडीने बोलावणं आणि गोडीनेच वाटेला लावणं, दोन्ही तिला सारखंच जमायचं.

“मंगळवार ते शुक्रवार येतो,” ट्रॉम्बोनवाला म्हणाला. “शनिवारी हरणांची शिकार सुरू होते. मी मेलो तरी येणार नाही.”

“मेल्यावर कोण बोलावतंय तुला?” व्हर्ना म्हणाली आणि शनिवारसाठी दुसऱ्याचं नाव लिहून मोकळी झाली.

मग मिस्टर डोब्रिक उरले.

ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. शाळेत तिला संगीत शिकवायचे. व्हर्ना दहा वर्षांची असताना, घरून वाद्य मिळणार नाही हे ओळखून, त्यांनी शाळेच्या कपाटातलं क्लॅरिनेट तिच्या हातात दिलं होतं. पुढे तिचा मुलगा सहा महिन्यांचा असताना रंगमंचापुढच्या खड्ड्यात, पिटमध्ये, पहिलं काम त्यांच्याच शब्दावर मिळालं. स्वतः ते तिथे चाळीस वर्षं व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचं जरा मोठं, खर्जातलं भावंड, वाजवत आलेले. अठ्ठावन्नाव्या वर्षीही व्हर्नाला त्यांना नावाने हाक मारता येत नसे.

गेल्या मार्चमध्ये एका हळव्या गाण्यात सगळी वाद्यं एकदम थांबायची होती आणि नायिकेचा नुसता श्वास ऐकू यायचा होता. तिथे मिस्टर डोब्रिकांचा व्हायोला एकटाच पुढे चालत राहिला. एकदा नाही, आठवड्यात तीनदा. त्यांना ते कळलंही नाही. ताल धरायला वादकांच्या कानात इअरफोनमधून जी टिकटिक येते, ती त्यांना नीट ऐकू येत नव्हती. शेवटच्या दिवशी कंपनीचा संगीतवाला व्हर्नाला बाजूला घेऊन म्हणाला, “पुढच्या वेळी दुसरं कुणी बघा.” व्हर्नाने मान हलवली. ज्यांना सांगायचं, त्यांना मात्र सांगितलं नाही. सात महिने गेले.

“सरळ सांगून टाक,” तिचा नवरा ग्लेन भांडी पुसता पुसता म्हणाला. “म्हातारा खंबीर आहे.”

“तू सांग मग.”

“मी कशाला? यादी तुझी.”

तिने फोन लावला. पलीकडे पहिल्याच घंटेला उचलला गेला. ऑक्टोबरमध्ये तिचा फोन येतो, हे त्यांना ठाऊक होतं.

“हं, बोल पोरी. कुठल्या तारखा?”

“मिस्टर डोब्रिक,” व्हर्ना म्हणाली, “या शोमध्ये व्हायोला नाही.”

वाक्य तोंडातून आपोआप आलं, आणि एकदा आलं म्हटल्यावर तिने त्याला टेकूही दिला. “सगळं कीबोर्डवर घातलंय हो. मी विचारलं त्यांना. भांडलेसुद्धा.”

“भांडायचं नाही,” ते म्हणाले. “दिवस तसे आहेत. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

फोन ठेवल्यावर तिने विद्यापीठातल्या पा चिया वांग नावाच्या मुलीला व्हायोलासाठी बोलावलं. मुलीने विचारलं, “पण तिथे नेहमी ते डोब्रिक सर असतात ना?” “त्यांनी वाजवणं सोडलं,” व्हर्ना म्हणाली. एका दुपारी दोन थापा झाल्या.

पुढच्या आठवड्यात मिस्टर डोब्रिकांचा दवाखान्यातच फोन आला. आवाज खुशीत होता.

“मी तिकिटं काढली! शनिवार दुपार, पहिली रांग. चाळीस वर्षं सगळे शो खालून ऐकले, वर काय चालतं ते पाहिलंच नाही कधी. तू मोकळं केलंस म्हणून सुचलं. आयरीन तर नाचतेय.” आयरीन त्यांची बायको.

व्हर्नाच्या समोर एक बाई गाल धरून उभी होती. “पहिल्या रांगेत मान दुखेल हो तुमची,” व्हर्ना फोनमध्ये म्हणाली. “मी वरच्या सज्ज्यातली मिळवून देते. आवाज तिथे छान येतो.”

“सज्ज्यातून पिट दिसतं का?”

“नाही.”

“मग? तुम्हाला हात कोण करणार?”

सांगायचंच, असं ठरवून ती एका रविवारी बेकरीतून बदामाचं क्रिंगल, तिकडची गोड पेस्ट्री, घेऊन त्यांच्या घरी गेली. आयरीनने दार उघडलं. तिच्या हातात इस्त्री होती आणि फळीवर निळा ड्रेस.

“बघ गं, बसतोय अजून! लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा आहे,” आयरीन म्हणाली. “चाळीस वर्षं हा माणूस संध्याकाळी काळे कपडे घालून निघून जायचा आणि मी एकटी टीव्हीसमोर. आता बसेल माझ्या शेजारी. हे सगळं तुझ्या कृपेने हो.”

आतल्या खोलीत मिस्टर डोब्रिक व्हायोला वाजवत होते. रोज सकाळी दोन तास. सूर स्वच्छ होता, आणि तेच ऐकवेना. व्हर्नाने क्रिंगलचे दोन तुकडे खाल्ले, कॉफी प्यायली, ड्रेसची तारीफ केली आणि घरी आली.

शनिवारी दुपारी तिने आपली खुर्ची कठड्याच्या अगदी खाली सरकवून घेतली, म्हणजे वरून दिसणार नाही. जे करून ठेवलं होतं, ते खुर्ची सरकवून काय झाकणार होतं? पहिला अंक संपला. दिवे लागले. मध्यंतरात लोक कठड्यावरून वाकून पिटमध्ये डोकावतात, मुलांना ढोल दाखवतात, तसे डोकावू लागले. व्हर्ना खाली वाकून क्लॅरिनेटच्या तोंडाची पट्टी पुसत राहिली.

“हे बघ, इथे मी बसायचो,” वरून ओळखीचा आवाज आला. आणि मग तो थांबला.

पा चियाने मान वर केली. मांडीवर व्हायोला होता. “डोब्रिक सर! तुम्ही आलात! व्हर्ना म्हणाली, तुम्ही वाजवणं सोडलंत. आम्हाला विद्यापीठात सगळ्यांना वाईट वाटलं.”

“सोडलं?” आयरीनचा आवाज अर्ध्या थिएटरात गेला. “कधी? आज सकाळी तर दोन तास घर डोक्यावर घेतलं होतं यांनी! आणि व्हर्ना, अगं तू तर म्हणालीस की यात व्हायोलाच नाही! हा काय मग? भोपळा आहे?”

ढोलवाला हसला, मग त्याला समजलं आणि तो हसायचा थांबला. व्हर्नाने वर पाहिलं. पाहावंच लागलं. आयरीन निळ्या ड्रेसमध्ये, कोपरापर्यंत कठड्यावर आलेली. शेजारी मिस्टर डोब्रिक. ते व्हर्नाकडे पाहत नव्हते. ते पा चियाच्या स्टँडवरच्या कागदांकडे पाहत होते.

“सोडलं, हो,” ते मुलीला म्हणाले. “घरी वाजवतो, ते वेगळं. आणि आयरीन, कंपन्या आयत्या वेळी बदल करतात, व्हर्नाला कुठून कळणार? चल, तुला आईस्क्रीम हवं होतं ना?”

“मला कुठे हवं होतं?”

“चल.”

दुसऱ्या अंकात व्हर्ना काय वाजवत होती, हे बोटांनाच ठाऊक. शेवटी लोक बाहेर पडू लागतात तेव्हा पिट एक शेवटची धून वाजवतं. ती ऐकायला कुणी थांबत नाही. मिस्टर डोब्रिक थांबले. कोट घालून, उभे राहून शेवटच्या सुरापर्यंत ऐकली, पा चियाकडे बघून टाळ्या वाजवल्या आणि गेले.

व्हर्नाने क्लॅरिनेट तीनदा पुसलं. ते निघून जावेत म्हणून तब्बल अर्धा तास काढला. मागच्या दाराने बाहेर आली, तर ते गारठ्यात उभे, हात खिशात, नाक लाल.

“आयरीन गाडीत आहे,” ते म्हणाले. “तिला काही सांगितलेलं नाही.”

“मिस्टर डोब्रिक, मार्चमध्ये ते गाणं—”

“कुठलं?”

तिने सांगितलं. तीनदा, तेही सांगितलं. ते ऐकत राहिले, डावा कान तिच्याकडे करून.

“एवढी एक गोष्ट कळायला मला दोन तिकिटं काढावी लागली,” ते म्हणाले. “तू सांगितलं असतंस तर मी चिडलो असतो. दोन दिवस. मग मीच तुला फोन केला असता. शाळेत चुकीचा सूर लागला की मी तुला काय करायचो?”

“थांबवायचात.”

“मग?”

ते गाडीकडे गेले. आयरीनने काचेआडून व्हर्नाला आनंदाने हात केला, आणि व्हर्नानेही केला, कारण न करणं आणखी वाईट दिसलं असतं.

जानेवारीत पुढच्या शोची यादी आली. ग्लेन भांडी पुसत होता. व्हर्नाने पहिलं नाव पहिलंच घेतलं.

“मिस्टर डोब्रिक, मार्चमध्ये शो आहे. व्हायोला आहे. तुम्हाला मी बोलावत नाहीये.”



“बोलावलंस कुणाला?”

“पा चियाला.”

“बरी वाजवते. उजवा खांदा वर घेते, तेवढं सांग तिला.” आणि मग, “ठेवतो. आयरीनला सांगायचंय अजून.”

फोन बंद झाला. व्हर्नाचे कान तापले होते. खरं बोलून हलकं वाटतं म्हणतात, तसं काही वाटेना. तिने चष्मा पुसला आणि ट्रॉम्बोनवाल्याचा नंबर लावला.