साहेबाच्या घरचा बोका

आमच्या घरी तो बोका आला तो साहेबाच्या बंगल्यावरून, वेताच्या झाकणाच्या टोपलीत बसून. माझे सासरे, म्हणजे मामंजी, कल्याणला आगगाडीच्या कचेरीत कारकून होते. त्यांचा साहेब मडमेला घेऊन विलायतेला निघाला आणि जाता जाता आपलं मांजर मामंजींच्या गळ्यात मारून गेला. साहेबाला नाही म्हणणार कोण?

टोपली घेऊन आलेला पट्टेवाला अंगणातूनच म्हणाला, "बोका हाय, पन बोका न्हाय. सायबानं घोड्यांच्या डाक्तराकडून खच्ची करून घेतलाय."

सासूबाई एकदम आत वळल्या. मी दाराआड पदर तोंडात कोंबून हसत होते. बैल खच्ची करतात हे माहेरी ऐकलं होतं, पण बोका? त्याला काय नांगराला जुंपायचा होता?

साहेबाकडे खाल्लेलं सगळं धुऊन निघावं म्हणून सासूबाईंनी त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं आणि मागच्या पडवीत त्याला जागा दिली. आळीतल्या बायका काहीबाही निमित्त काढून येत आणि त्याला पाहून जात. होताच तसा ऐवज! पिवळाधमक, उशीसारखा गुबगुबीत. ना गळा काढायचा, ना कुठे भटकायला जायचा.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. माझे यजमान मुंबईत शिकत होते. सासूबाई कामापुरतं बोलत आणि मामंजींसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही अशी रीत. मग दिवसभराचं सगळं मी बोक्याला सांगायची. तो डोळे मिटून ऐकून घ्यायचा. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

थोड्याच दिवसांत गावातले बोके आमच्या परसात यायला लागले. एक काळा, कान फाटलेला. दुसरा करडा, मुंडकं नारळाएवढं. यायचे, आमच्या बोक्याला बदडायचे आणि जाताना शेपटी ताठ करून पिचकारी मारून जायचे. कधी तुळशीच्या कट्ट्यावर, कधी लाकडांच्या राशीवर, आणि एकदा तर वाळत घातलेल्या सासूबाईंच्या सोवळ्याच्या लुगड्यावर! मांजर शिवलं तर विटाळ होत नाही हे सगळ्यांना ठाऊक, पण मांजराच्या पिचकारीचं काय? ते काही कुणाला सांगता येईना. सासूबाईंनी पुन्हा अंघोळ केली, ओलेत्यानं स्वयंपाक केला आणि मामंजी कसेबसे कचेरीत पोचले.

असं आणखी दोन-तीनदा झाल्यावर सासूबाई गड्याला कडाडून म्हणाल्या, "ह्या साहेबाच्या बोक्यामुळेच येतात मेले! ह्याला खाडीपार सोडून ये."

मांजर मारणं म्हणजे महापाप. म्हणून नकोसं झालेलं मांजर पोत्यात घालून होडीतून पलीकडे नेऊन सोडत, म्हणजे ते परत येत नसे.

पण मला एक कोडं सुटत नव्हतं. ह्याच्याशी त्या बोक्यांचं वाकडं काय? मांजरीवरून भांडावं, तर हा त्या वाटेला जाणारा नव्हे, आणि आमच्या घरी मांजरी नव्हतीच. मग हे येतात कशाला? मी तांदूळ निवडायचं सूप पडवीत आणलं आणि पाहत बसले.

मामंजी जेवायच्या आधी काकबळी ठेवायचे, म्हणजे कावळ्यासाठी तूपभाताचा घास, परसातल्या दगडावर. घास ठेवला की ते लगेच आत जायचे, कचेरीची घाई. कावळा उतरायच्या आत कुंपणातून काळा घुसायचा. भात चाटूनपुसून खायचा, मग वर पाहायचा तो पायरीवर आमचा बोका बसलेला. की ह्याचं डोकं फिरलंच! आपल्या पानावर हा कोण दुसरा? पुढची मारामारी आणि पिचकारी त्यातूनच. एकादशीला घरात भात नव्हता, तर त्या दिवशी एकही बोका फिरकला नाही.

मला इतका आनंद झाला की सूप हातातून पडता पडता राहिलं. पण लगेच ध्यानात आलं. बोके मामंजींच्या पुण्यकर्मामुळे येत होते! हे त्या घरात बोलायचं कुणी?

दुसऱ्याच दिवशी सकाळी गडी पोतं घेऊन आला. आमचा बोका बिचारा गुमान पोत्यात गेला. गडी तोंड बांधत होता, सासूबाई दारात उभ्या होत्या, आणि मामंजी घास घेऊन परसात आले. मला राहवेना. मी पदर पुढे ओढला, पडवीच्या खांबाकडे तोंड केलं आणि खांबाला म्हणाले, "बोके भातासाठी येतात. कावळ्यानं घास नेईपर्यंत कुणी तिथं उभं राहिलं, तर येणार नाहीत."

मामंजी दचकले. "कोण बोललं?"

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या.

मामंजी हातातल्या भाताकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता बोक्याबरोबर माझीही रवानगी. पण त्यांनी घास दगडावर ठेवला, कोपऱ्यातली काठी घेतली आणि तिथेच उभे राहिले. काळा कुंपणावर आला, काठीकडे पाहत बसला आणि निघून गेला. मेला कावळाही त्या दिवशी लवकर येईना. शेवटी एकदाचा आला, घास घेऊन उडाला. तेव्हा मामंजी गड्याला म्हणाले, "सोड त्याला," आणि जेवायला आत गेले.

दुपारी मी भीत भीत स्वयंपाकघरात गेले. सासूबाई चूल सारवत होत्या.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"भात काय मला दिसत नव्हता ग?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून दिसत होता. पण त्यांना सांगायचं कसं?"

मला असा संताप आला! नवऱ्याची चूक दाखवणारं एक वाक्य बोलावं लागू नये म्हणून ह्या माझ्या बोक्याला खाडीपार धाडायला निघाल्या होत्या. मी काहीतरी बोलणारच होते, इतक्यात त्यांचा सारवणारा हात थांबला.

"खांबाला सांगावं," त्या म्हणाल्या, "हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलंच नाही."