चार मिनिटांची शांतता

माझी साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते आणि ती मी भांडून मिळवलेली आहे. मानकोलीच्या ज्या गोदामात मी डिस्पॅच बघतो, तिथं सगळ्यांना रविवार हवा असतो. मला शुक्रवारच हवा होता, कारण निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतले कापड विणायचे लूम फक्त शुक्रवारी बंद असतात. बाकीचे सहा दिवस दोन्हीकडच्या भिंतींतून खटखट येत राहते. त्यात मला जे ऐकायचं असतं ते ऐकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

मी काय ऐकतो हे सांगून सांगून मला वैताग आलाय, तरी सांगतो. यंत्रांवर केलेलं, बिनशब्दांचं संगीत. ताल असला तर असतो, नसला तर नसतो. सिंथेसायझरचा एकच सूर सात-सात मिनिटं चालतो आणि तेवढ्यात कणाकणानं बदलत जातो. जीव लावून ऐकलं तर ते कळतं. नाही ऐकलं तर गच्चीवरची पाण्याची मोटर बंद करायची राहिली असं वाटतं. माझ्या बायकोला मोटरच वाटते. ती खाडीकाठच्या गावातली, आणि लग्नापासून तिचा एकच प्रश्न आहे, "अवो, पन गानं कवा सुरू व्हनार?"

गाणं सुरू होणार नाही, हेच गाणं आहे, असं मी तिला किती वेळा सांगितलं असेल. ती भाजी निवडता निवडता मान हलवते आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच विचारते.

मला माझ्या कानांचा गर्व होता. लपवण्यात अर्थ नाही. माझे वडील आयुष्यभर लूमवर शिफ्ट करून ठार बहिरे झाले. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून ओठ नीट हलवावे लागत. आणि वर त्यांचा हट्ट, "मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता." किती चिडलोय मी त्यांच्यावर! येत नाही ऐकू, तर मान्य करा ना. मी कारखान्यात पाऊल टाकलं नाही त्यामागं तेही एक कारण होतं. आपले कान आपण वाचवले, असं मी मानून चाललो होतो.

माझ्याकडे एक सव्वीस मिनिटांची रचना आहे. तिच्या मध्यावर सगळे आवाज एकेक करून विरतात आणि मग चार मिनिटं काहीच नसतं. नुसती शांतता. त्यानंतर जमिनीखालून यावा तसा एक ठोका पडतो. त्या चार मिनिटांवर मी गोदामातल्या चहाच्या वेळेला अक्षरशः व्याख्यानं दिली आहेत. खरी रचना तिथंच आहे, इतकं धाडस कोण करतो, वगैरे. सोबतचा सुपरवायझर एकदा म्हणाला, "भाई, रेकॉर्डिंगवाला चाय पीने गया होगा." मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

तर मागच्या एका शुक्रवारी हेडफोनची वायर गेली. आधीच डोकं फिरलेलं. मी फोन टीव्हीखालच्या स्पीकरला जोडला, तीच रचना लावली आणि डोळे मिटून बसलो. शांतता सुरू झाली. अर्धं मिनिट झालं नसेल तोच स्वयंपाकघरातून आरोळी आली, "ती शिटी बंद करा पयली!"

"कसली शिटी? कुकर तुझ्यासमोर आहे."

"कुकर न्हाय. तुमचीच वाजते हाय. कानात सुई घातल्यासारखी."

मी कपाळावर हात मारला. चार मिनिटांची शांतता, तीही हिला सहन होत नाही! मी उठून आधी इन्व्हर्टर बंद केला. मग पंखा. मग फ्रिज. प्रत्येक वेळी ती दारात उभी राहून सांगत होती, "वाजते हाय." शेजाऱ्यांचं काहीतरी असेल म्हणून खिडकी लावली. "वाजते हाय." शेवटी वैतागून मी फोन थांबवला.

"थांबली," ती म्हणाली.

मी पुन्हा लावला. "झाली सुरू."

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि तिला दिसणार नाही असं चालू-बंद, चालू-बंद केलं. मध्येच फसवायला दोनदा फोनवर नुसतंच टकटक केलं. ती एकदाही चुकली नाही. हातातली मेथी खाली न ठेवता सांगत होती.

मी स्पीकरला कान लावला. काही नाही.

आमच्या गल्लीत कुणाला कमी ऐकू येतंय हे कळणार तरी कसं? इथं सगळेच ओरडून बोलतात. शुक्रवारी लूम बंद असतात तेव्हाही ओरडूनच बोलतात, सवय जात नाही. ही लग्न होऊन आली तेव्हा पहिले आठ दिवस तिला वाटत होतं की या घरात भांडण लागलंय. मग तीही ओरडायला शिकली, आणि मला वाटत राहिलं, मला सगळं ऐकू येतं.

मला भयंकर राग आला. तिचा, स्पीकरचा, आणि ज्यानं ती शिटी घातली त्या माणसाचाही. मग राग ओसरला आणि भीती वाटली. मी तिला म्हटलं, बस इथं, ती शांतता पहिल्यापासून लावतो, काय वाजतंय ते सांग.

"मेथी पडलीय सगळी."

"पडू दे. सांग."

ती बसली. "बारीक हाय. एकच. आता वर चालली."

"वर म्हणजे किती वर? नीट सांग ना!"

"मना काय म्हाईत किती! वर." तिनं हात उचलून दाखवला. मग दुसरा उचलला. "आता दोन झाल्या. येकीच्या मागं येक." बोलता बोलता तिचा आवाज खाली आला आणि मला पुढं सरकून तिच्या तोंडाकडे बघावं लागलं. तिचे हात हवेत हळूहळू जवळ येत गेले. मोटर म्हणणाऱ्या या बाईनं एकदाही गाणं कधी येणार असं विचारलं नाही. चार मिनिटं पूर्ण ऐकत होती. ठोका पडायच्या थोडं आधी तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"संपली," ती म्हणाली. "आता खरं शांत झालं."

मी कान देऊन ऐकलं. मला काहीच फरक कळला नाही.