चपलांजवळ ठेवलेला फोन

उलटा लटकलेला किडा मला दिसला तेव्हा तो मेलेला होता. अंग काळं पडलं होतं आणि पोटातलं पाणी खालच्या पानावर ठिबकत होतं. मी काडीने त्याला उचलून चुन्याच्या गाडग्यात टाकणार, तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला. मी काडी दुसऱ्या हातात घेतली आणि फोन काढला. ग्रुपवर कोणीतरी गुलाबाचं फूल टाकलं होतं.

फोन परत खोचला आणि वर पाहिलं. शेजारच्याच फांदीवर अजून एक मेलेला होता.

आम्ही कोसा काढतो. कोसा म्हणजे रेशीमच, पण जंगलातलं. आंबागडाच्या किल्ल्याखाली ऐनाची झाडं आहेत, आमच्याकडे त्याला येन म्हणतात. सरकारी रेशीम केंद्रातून अंडी मिळतात. त्यातून मुंगीएवढे किडे निघतात, ते आम्ही येनावर सोडतो. किडा पान खातो, कात टाकतो, पुन्हा खातो. शेवटी अंगठ्याएवढा जाड आणि पानासारखा हिरवा होतो. मग तोंडातून धागा काढून स्वतःभोवती घर बांधतो. ते घर म्हणजे कोसा. तो झाडावरून उतरवला की आमचं काम संपलं. तोवर फक्त राखण.

राखणीची वाटणी ठरलेली आहे. आमचे घरचे, म्हणजे माझे मालक, गोफण घेऊन पाखरं हाकलतात. मी आजारी किडे शोधते. किड्याला रोग लागला की मरायच्या आदल्या दिवशी कळतं. तो खाणं सोडतो, ढिला पडतो, फांदीला धरलेले पाय सैल होतात. तेव्हाच उचलून चुन्यात टाकला तर बरं. मेल्यावर त्याचं पाणी पानावर पडतं, ते पान दुसरा किडा खातो, मग तोही जातो. असं करत झाडंच्या झाडं रिकामी होतात.

त्या वर्षी तसंच होऊ लागलं होतं. आमचे घरचे म्हणाले, "अंडीच खराब दिली असन." केंद्राचे नंदेश्वर सर फोनवर म्हणाले, "चुना मारा, मावशी." चुना मारला. तरी मेलेले सापडतच होते. पीक असं गेलं तर पुढच्या वर्षी केंद्र आम्हाला अंडी देणार नव्हतं. सासऱ्यांपासून चालत आलेलं काम आमच्या हातून बंद पडलं असतं.

मला एका गोष्टीचं नवल वाटत होतं. दरवर्षी मला आजारी किडे सापडतात. त्या वर्षी फक्त मेलेलेच सापडत होते. आजारी असताना ते माझ्या डोळ्यांना का दिसत नव्हते?

इथे एक सांगायला हवं. येनाखाली गेलं की पहिल्यांदा एकही किडा दिसत नाही. नुसती पानं. गप उभं राहावं लागतं. मग एक दिसतो. त्याच्याजवळ दुसरा. मग एकदम सगळं झाड हलायला लागतं आणि वाटतं, इतके जीव इथे होते आणि आपण रिकाम्या झाडाखाली उभे होतो. इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी अजून माझ्या अंगावर काटा येतो. बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, म्हैस शिरली की पाणी गढूळ होतं. ती निघून गेली की गाळ खाली बसतो आणि तळ दिसतो. डोळ्यांचंही तसंच आहे. ते बसू द्यावे लागतात.

त्या वर्षी ते बसतच नव्हते. तुमसरला राइस मिलमध्ये असलेल्या मुलाने मला फोन घेऊन दिला होता. केंद्राने सगळ्यांचा ग्रुप केला होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ प्लॉटचा फोटो टाकायचा. आमचा झाडांचा तुकडा म्हणजे प्लॉट. सरांचे निरोप, दुसऱ्यांच्या प्लॉटचे फोटो, त्यावर अंगठे, फुलं, कोणाच्या नातवाचा वाढदिवस. मी चौथी शिकलेली. वाचता येतं, पण घाईने येत नाही. एक निरोप आला की मी तो पूर्ण वाचते. वाचून वर पाहिलं की पुन्हा नुसती पानं. पुन्हा उभं राहायचं. डोळे बसत आले की पुन्हा आवाज.

आवाज बंद करून पाहिला. मग हातच आपोआप कमरेकडे जाऊ लागला, काही आलं का बघायला. फोन आमच्या घरच्यांकडे देऊन पाहिला. ते म्हणाले, "दे, मी सांभाळतो." दुपारी पाहते तर हे मोहाच्या झाडाला टेकून कुस्तीचा व्हिडिओ बघत बसलेले, गोफण मांडीवर, आणि समोरच्या येनावर दोन कोतवाल पक्षी पंगतीला बसल्यासारखे किडे खात होते.

"अजी, पाखरं," मी म्हटलं.

"हो, पाहून राहिलो न."

"काय पाहून राहिले?"

त्यांनी वर पाहिलं, गोफण फिरवली, पण पाखरांचं पोट भरलं होतं. फोन माझ्याकडे परत आला.

आमच्याकडे कोशाचे काही नेम आहेत. किडे झाडावर असेपर्यंत घरात मासोळी शिजत नाही. आम्ही ढिवर, मासे धरणारे, तरीही. झाडाखाली मोठ्याने बोलायचं नाही. आणि चपला घालून झाडाखाली जायचं नाही. प्लॉटच्या कडेला मोहाखाली एक चपटा दगड आहे, तिथे चपला काढायच्या आणि अनवाणी आत जायचं. सासरे म्हणायचे, बाहेरचं बाहेर राहू द्यावं.

एका सकाळी दगडाजवळ चपला काढताना फोन वाजला. मी एक पाय उचलून तशीच उभी राहिले. साधी चप्पल बाहेर ठेवतो आपण आणि हा अख्खा बाजार कमरेला बांधून आत नेतो, असं मनात आलं. मी फोन डाव्या चपलेवर ठेवला, वर पळसाचं पान झाकलं आणि आत गेले.

लगेच बरं वाटलं असं नाही. हात कमरेकडे जातच राहिला. लुगड्याच्या गाठीला लागून परत यायचा. नसलेला फोनही वाजल्यासारखा वाटायचा. पहिल्या झाडाखाली मी इतका वेळ उभी राहिले की पाठीमागून ह्यांचा आवाज आला, "झोपली का वो?"

 तेव्हाच झाड हललं. एक, मग दुसरा, मग सगळे. आणि त्या सगळ्यांत एक असा की जो खात नव्हता. मी बोट लावलं. त्याने फांदी धरली नाही. तो जिवंत होता आणि आजारी होता. मी त्याला चुन्यात टाकला. त्या दिवशी गाडगं पुष्कळ भरलं. दुसऱ्या दिवशी कमी भरलं. पुढे मेलेले सापडणं थांबत आलं.

पण फोटो गेले नाहीत. फोन चपलेवर, मी आत. संध्याकाळी घरी जायची घाई, लक्षात राहायचं नाही. सरांचे फोन येऊन जायचे. मला उलटा फोन लावून बोलायची भीती वाटते, म्हणून मी लावला नाही.

मग सर स्वतःच आले. मोटारसायकल बांधावर लावली आणि कानाला फोन धरूनच चालत आले. हात हलवून आम्हाला थांबा म्हणाले आणि फोनमध्ये म्हणत राहिले, "हो साहेब, प्लॉटवरच आहो, पाठवतो लगेच." माणूस चांगला. प्रशिक्षणात किड्यांचं सगळं आम्हाला त्यांनीच समजावून सांगितलेलं. पण त्या दिवशी डोळे लाल होते.

"मावशी, फोटो काहून नाही टाकून राहिल्या तुम्ही? वरून इचारतात मले. तुमचा प्लॉट बंद दाखवून राहिला तिथं. अंड्याच्या यादीतून काढाले सांगतलं त्याहिनं."

 आमचे घरचे म्हणाले, "सर, आधी आत येऊन पाहून घ्या जी. मंग काढा."

"चला."

"बूट काढा लागन."

सरांनी बूट काढले. मोजेही काढले. पाऊल टाकणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मी दगडाकडे बोट दाखवलं. माझा फोन तिथे पळसाच्या पानाखाली होता.

"फोनही?"

मी मान हलवली.

"मावशी, माहे अकरा ग्रुप आहेत."

"दगडावर जागा आहे जी," आमचे घरचे म्हणाले.

सर हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे. फोन बुटात ठेवला आणि आत आले.

झाडाखाली उभे राहून त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मावशी, झाड तं रिकामं आहे."

"उभे राहा जी," मी म्हटलं. आवाज माझ्याच कानाला जेमतेम ऐकू आला.

ते उभे राहिले. खिसा चाचपला, हात मागे बांधले. ऊन स्वच्छ होतं, खाली शिवारात धान पिवळं झालं होतं. थोड्या वेळाने त्यांनी आभाळाकडे पाहिलं.

"पाणी येऊन राहिलं का?"

"नाही."

"आवाज येऊन राहिला न."

तो किड्यांच्या खाण्याचा आवाज होता. मोठे झाले की सगळे मिळून पानं कुरतडतात आणि त्यांच्या लेंड्या वाळल्या पाचोळ्यावर पडतात. पानांवर बारीक पाऊस पडावा तसं वाटतं. मी नुसतं वर बोट केलं. सर बघत राहिले आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, झाड हललं.

"अरे बापा," ते हळूच म्हणाले. "हे तं सगळीकडे आहेत."

मग त्यांनीच एक दाखवला. मला दिसला नव्हता. खालच्या फांदीवर एका किड्याने खाणं थांबवलं होतं. मला वाटलं आजारी आहे, मी काडी उचलली. सरांनी माझा हात अडवला. "थांबा, मावशी. हा घर बांधून राहिला."

खरंच. त्याने आधी फांदीभोवती धाग्याचं कडं घातलं. पुन्हा पुन्हा त्याच जागी, घट्ट. सर म्हणाले, सगळं घर याच कड्यावर लटकतं, वारा आला तरी पडत नाही. मग त्याने दोन पानं ओढून जवळ घेतली आणि त्यांच्या आत जाळं विणू लागला. डोकं डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. थांबणं नाही, घाईही नाही. धागा इतका बारीक की ऊन पडलं तरच दिसायचा. मी आयुष्यभर कोसे उतरवत आले, पण पहिलं कडं घालताना किड्याला कधी पाहिलं नव्हतं. नेहमी पुढच्या झाडाकडे जायचं असायचं. आम्ही तिघं पाचोळ्यावर बसलो. दगडाकडून दोन्ही फोनचे आवाज येत होते. कोणी उठलं नाही.

बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "याचा फोटो पाहिजे. वर पाठवतो." ते दगडाजवळ गेले. फोन हातात घेतला तर वाजतच होता, तिथेच बोलले, काहीतरी पाहिलं, काहीतरी लिहिलं. मग परत आले आणि फोन वर धरून फांद्या शोधू लागले.

"मावशी, कोणत्या फांदीवर होता?"

मी दाखवली. त्यांना दिसेना. मी जवळ जाऊन बोट लावलं. "पान आहे न हे," ते म्हणाले. फोनमधून पाहिलं, फोनवरून मान काढून पाहिलं.  मग दगडाकडे परत गेले, फोन बुटात ठेवून आले आणि पहिल्यासारखे खाली बसले. उन्हं कलेपर्यंत बसले. किडा तोवर जाळ्याआड गेला होता. आतून त्याचं डोकं फिरताना धूसर दिसत होतं.

जाताना त्यांनी बूट घातले आणि साहेबांना फोन लावला. "सर, आत नेटवर्क नाही आहे. प्लॉट चांगला आहे. मी सोता पाह्यला." मग मला म्हणाले, "मावशी, दिवसातून एकच फोटो. संध्याकाळी. इथूनच, दगडावर उभं राहून. बाकी मी सांगतो त्याहिले."

त्या संध्याकाळी मी दगडावर उभी राहून फोटो काढला. त्यात फक्त झाडं आली, हिरवी, रिकामी. वरून अंगठा आला.

पीक भरघोस झालं नाही. आधी गेलेले किडे गेलेच. पण बाकीच्यांनी घरं बांधली आणि आम्ही ती उतरवली. अंड्यांच्या यादीत आमचं नाव राहिलं. कोसे घरी आले त्या दिवशी आमचे घरचे बोडीवर जाऊन मासोळी घेऊन आले आणि म्हणाले, "आता पाह्य तुले किती फोन पाह्यचा तं." मी जेवण झाल्यावर पाहिला. ग्रुपवर फुलंच होती.

यंदाही फोन चपलांजवळच असतो, पानाखाली. आजवर कोणी चोरला नाही. सर आले की त्यांचा बुटात असतो. हल्ली ते मोजे न घालताच येतात, काढायला वेळ लागतो म्हणून.