किसनचा पोकळ ठिपका

मी गणिताचा माणूस. छत्तीस वर्षं शाळेत फळा पांढरा केला आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या प्रत्येकाला "सिद्ध करून दाखव" म्हणून गप्प बसवलं. त्यामुळे इथे लिहिताना माझं मलाच ओशाळं वाटतंय... पण ही गोष्ट माझ्याच हातून, भर दुपारी घडलेली आहे. तिच्यात माझं कौतुक काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

साल एकाहत्तर-बाहत्तर. गाव संगमनेर. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, सायन्सला. घर गावातच. पहिलीपासून वर्गात पहिला नंबर माझा — तिथे दुसरं कुणी येऊ शकतं हे मला ठाऊकच नव्हतं. आणि पुणतांब्याहून किसन आला. बोर्डिंगात राहायचा, पायजमे दोनच, बोलायला लागला की पोरं हसायची. पण सरांनी फळ्यावर गणित घातलं, की मी वहीचं पान उलटेपर्यंत याचं उत्तर तयार! मी जळायचो. त्यात आमची आई त्याला रविवारी जेवायला बोलवायची आणि "किती हुशार आहे रे पोरगं" म्हणत त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची. मी ताट अर्धवट टाकून उठायचो.

त्या वर्षी पुण्याला कॉलेजांची गणिताची स्पर्धा होती. आमच्याकडून एकच मुलगा जाणार. सर म्हणाले, "एका परिमेय फलाचा आलेख देतो. ज्याचा सर्वांत चांगला, तो पुण्याला."

गणित असं होतं. अंशात एक्स वर्ग वजा दोन एक्स वजा तीन, छेदात एक्स वर्ग वजा चार एक्स अधिक तीन. अवयव पाडले की वर-खाली दोन्हीकडे 'एक्स वजा तीन' निघतो. तो काटायचा, मग उरतं ते सोपं. मेख पुढेच आहे. काटला तरी मूळ फलात एक्सला तीन घातले की छेद शून्य होतो, म्हणजे तिथे फलाला किंमतच नाही. आलेखाची रेघ (३, २) या बिंदूवर येते तिथे पोकळ गोल ठेवावा लागतो. भरीव ठिपका दिला की गणित चुकलं.

तो एवढासा गोल मी कंपासनं काढायचो. किसन मात्र खिशात गव्हाच्या पोकळ काडाचा तुकडा ठेवायचा. टोक शाईत बुडवून कागदावर टेकवलं की झाला गोल. "घरच्या गव्हाचं हाय," म्हणायचा. त्याचं काड एका बाजूला चिरलेलं होतं, म्हणून त्याच्या गोलाला उजवीकडे केसाएवढी फट राहायची.

मॉनिटर मीच. कागद गोळा करून सरांच्या खोलीत ठेवणं माझं काम. सर जेवायला गेले होते. मी टेबलाशी उभा राहून गठ्ठा चाळला. बहुतेकांनी गोल काढलाच नव्हता. बिनचूक दोनच — माझा आणि किसनचा. आणि खरं सांगायचं तर त्याचा जास्त देखणा होता.

मी पेन काढलं. कागदावरचं नाव दोनदा वाचलं. किसनचंच. त्याच्या गोलात शाईचा थेंब सोडला. गोल भरला, आणि उजवीकडच्या फटीतून शाईची बारीक शेपटी बाहेर आली. फुंकर घालून वाळवलं, गठ्ठा सरळ केला आणि निघालो. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. दाराशी शिपाईमामा स्टुलावर बसले होते. सर येईपर्यंत आत कुणी गेलं का, हे मी त्यांना नंतर दहादा विचारलंय; दर वेळी 'नाही' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात गठ्ठा घेऊन आले.

"सुधाकर, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. पोकळ गोल बुजवलास की रे!"

कागद माझा, अक्षर माझं, आणि (३, २) वर भरीव काळा ठिपका. सरांनी किसनचा कागद सगळ्यांना दाखवला. त्याचा गोल पोकळ, आतून पांढराशुभ्र. शाईचा डाग सोडाच, खरवडल्याची खूणही नाही.

तुम्ही म्हणाल, घाईत स्वतःच्याच कागदावर शाई सोडली असशील. मीही तेच म्हटलं असतं! पण माझ्या ठिपक्याला उजवीकडे शेपटी होती. आणि माझा गोल कंपासचा — त्याला फट नव्हतीच.

वर्ग सुटल्यावर किसन जवळ आला. रुमालातून काडाचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"कंपासचा गोल लई बारका येतो, सुधाकर. शाई भरती त्यात. हे घे."

"तुला पुण्याला लागेल ना?"

"मला दुसरं हाय. तुजं चुकलं ते मला बरं न्हाई वाटलं बघ. आपुन दोघंबी गेलो असतो तर बरं झालं असतं."

मला त्याचा तेव्हा जितका राग आला तितका आधी कधीच आला नव्हता. संध्याकाळी घरी बसून मी पंचवीस-तीस गोल काढून भरून पाहिले. काडाच्या प्रत्येक गोलाला शेपटी फुटली. कंपासच्या एकालाही नाही.

किसन पुण्याला गेला, पुढे मोठा इंजिनिअर झाला. आमचं येणं-जाणं आहे. सरांनी परत दिलेला तो ठिपक्याचा कागद मी कधी फेकला नाही. मागच्या दिवाळीत जुनी कागदपत्रं काढली होती, त्यात किसनच्या हाती लागला. त्यानं चष्मा वर करून तो डोळ्यांजवळ धरला.

"ह्यो ठिपका तर माज्या काडाचा हाय. तुज्या कागदावर कसा रं आला?"

"काय माहीत," मी म्हटलं.

ते खरंच होतं. तो ठिपका माझ्या कागदावर कसा आला, हे मला आजही कळलेलं नाही. पण त्यातली शाई कुणाची ते मला माहीत होतं, आणि तेवढं मी किसनला अजून सांगितलेलं नाही.