नकलनवीसाची पेनं

माझे थोरले बंधू कल्याणच्या एका कचेरीत नकलनवीस होते. दाव्यांतल्या कागदांच्या नकला उतरून द्यायच्या, एवढंच त्यांचं काम. पण मोडी अक्षर असं, की पक्षकार अर्ज देतानाच विचारत, नक्कल त्यांच्या हातची मिळेल का. आईवडील लवकर गेल्यामुळे मला त्यांनीच वाढवलं, शिकवलं. मी त्यांना दादा म्हणत असे. त्यांना मूलबाळ नव्हतं; घरात ते आणि वहिनी.

मी तेव्हा मुंबईला कागद आणि लेखनसाहित्य विकणाऱ्या एका पेढीवर होतो. बिऱ्हाड ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ. रविवारी सकाळच्या गाडीने कल्याणला जायचं, वहिनींच्या हातचं जेवायचं आणि दिवेलागणीच्या आत परतायचं, असा माझा शिरस्ता होता.

दादांचं दुखणं सुरू झालं ते दिवाळीच्या सुमारास. टाक कागदाला टेकला, की उजव्या हाताचा अंगठा आत वळायचा आणि पहिलं बोट काठीसारखं ताठ व्हायचं. जेमतेम दोन ओळी निघायच्या. टाक खाली ठेवला, की हात पुन्हा पहिल्यासारखा. विहिरीचं पाणी ओढायला, सुपारी कातरायला, धोतराच्या निऱ्या घालायला त्या हाताची काही तक्रार नव्हती. म्हणून तर कोणाचा विश्वास बसेना. शिरस्तेदारांनी सुरुवातीला सांभाळून घेतलं. पुढे तेही म्हणू लागले, की जेवताना चालणारा हात लिहितानाच कसा अडतो. वैद्यांनी तेल दिलं होतं. वहिनी ते संध्याकाळी चोळायच्या आणि दादा हात पुढे करून मुकाट्याने बसायचे.

अशात ठाण्याचे एक वकील कामानिमित्त त्यांच्या कचेरीत आले. त्यांच्या खिशात विलायती पेन होतं, दौतीत बुडवावं न लागणारं, सोन्याच्या निबाचं. तसली पेनं नुकतीच कुठे कुठे दिसू लागली होती. दादांनी ते सहज बघायला म्हणून हातात घेतलं, एक ओळ लिहिली, आणि लिहीतच गेले. पान भरलं तरी हात वळला नाही. त्या रविवारी मी गेलो, तर दादा माझी वाटच बघत होते. त्यांनी मनाशी सगळा उलगडा करून ठेवला होता. मोडी लिहिताना हात उचलायचा नसतो. टाकाला शाईसाठी घडोघडी दौतीकडे न्यावं लागतं, तिथे लय तुटते आणि बोटं आखडतात. शाई पोटात असलेलं पेन मिळालं, तर दुखणं पळेल.

ते पेन आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण आमच्या पेढीवर त्याच सुमारास जर्मनीहून एक खोकं आलं होतं. महागड्या पेनांच्या घाटावर बनवलेली स्वस्त पेनं. तसंच काळं नळकांडं, तशीच नक्षी, तसंच टोपण. ही पेनं कारकून मंडळींत खपतील का, याचा मालकांना अंदाज हवा होता. मी म्हटलं, माझे बंधू दिवसभर लिहितात, त्यांच्याकडून पारखून आणतो. मालक लगेच कबूल झाले.

पहिलं पेन मी नेलं, त्याला सोन्याच्या मुलाम्याचा पितळी निब होता. नळकांड्याला गंधकासारखा वास येत होता. काचेच्या नळीने शाई भरायची आणि पुढचा भाग पिळून बसवायचा. घरची काजळाची शाई त्यात चोंदून बसली, म्हणून मी पेढीवरची पातळ विलायती शाई आणून दिली. दादा पाट मांडीपुढे घेऊन लिहू लागले. निब इंग्रजी वळणाचा, अणकुचीदार. बोरूची जाडी त्याला कुठून येणार? अक्षर बारीक पडत होतं, पण पडत होतं. वहिनींनी शिरा केला. पुढच्या रविवारी कळलं, की हात पुन्हा वळला. निबावरचा मुलामा उडून पितळ हिरवं पडलं होतं. दादांनी सगळा दोष त्या निबावर टाकला.

दुसरं पेन पोलादी निबाचं. तेही आधी उत्तम चाललं. मग शाई अर्ध्यावर आली, की हाताच्या उबेने ते एकाएकी ओकायला लागलं. एका निवाड्याच्या नकलेवर रुपयाएवढा डाग पडला. शिरस्तेदारांनी तो कागद सगळ्यांसमोर उचलून धरला. दादांनी मला हे सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं. तोपर्यंत त्या पेनावरही हात वळायला लागला होता.

तिसरं जाडजूड होतं, चौथं हलकं. मी नेत राहिलो. दरवेळी दादांचा चेहरा उजळायचा आणि पुढच्या रविवारी विझलेला असायचा. एकदा मी निघालो, तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, नवं पेन आलं, की हे चार दिवस बरे असतात. मग पेन कुठलंही असो."

मला ते ऐकायचं नव्हतं. दादांना तर नव्हतंच. ते म्हणायचे, "अरे, नकली पेनाने नक्कल कशी उतरायची? अस्सल हवं."

शेवटी मी मालकांकडे गेलो. पुढच्या दिवाळीची बक्षिसी मला नको, तिच्याऐवजी एक अस्सल पेन द्या, म्हणालो. त्यांनी दिलं. ज्या पेनावरून ती सगळी स्वस्त पेनं घडवली होती, तसलंच ते होतं. दादांनी आंघोळ करून, देवापुढे ठेवून मग ते उघडलं. निब कागदावरून तेल लावल्यासारखा फिरला. दादा लिहिता लिहिता थांबून माझ्याकडे बघून हसले. त्यानंतर त्यांना तसं हसताना मी पाहिलं नाही.

दोन रविवारांनी मी गेलो, तेव्हा ते ओटीवर लिहायला बसले होते. मी समोर बसलो. तिसऱ्या ओळीला अंगठा हळूहळू आत वळला, बोट ताठ झालं, आणि निब कागदात रुतून थांबला. दादांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून सोडवली. निब फडक्याने पुसला, टोपण लावलं आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

"हे घेऊन जा," ते म्हणाले. "याच्यात काही खोट नाही."

वहिनी आत चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं असावं, कारण भांड्यांचा आवाज थांबला.

पुढे दादांनी डाव्या हाताने गिरवायला घेतलं, पहिलीतल्या मुलासारखं. पावसाळा सरेपर्यंत चार ओळी बऱ्या येऊ लागल्या आणि मग डावा अंगठाही वळू लागला. त्यांनी आपणहून नोकरी सोडली, असं आम्ही लोकांना सांगितलं. टिटवाळ्याला देवळात पोथी वाचून दाखवण्याचं काम त्यांना मिळालं. सकाळी जायचं, संध्याकाळी कल्याणला परत यायचं. पान उलटायला हात ठीक होता.

मग प्लेग आला. वहिनींच्या काखेत गाठ आली आणि त्यांना गावाबाहेरच्या झोपड्यांत नेलं. दादांना कुडाच्या कुंपणाअलीकडेच थांबवलं. वहिनी गेल्या, तेव्हाही ते अलीकडेच उभे होते. मी ठाण्याहून पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं.

त्या घरात राहणार नाही, एवढंच दादांनी मला सांगितलं. वर्षाच्या आत घराला गिऱ्हाईक मिळालं. दस्त करायला आम्ही दोघं नोंदणी कचेरीत गेलो. तिथला कारकून दादांच्या हाताखाली शिकलेला होता. उठून नमस्कार करून त्याने कागद आणि टाक दादांपुढे ठेवला. दादांनी हात मांडीवरून उचलला नाही.

"माझं नाव तू घाल," ते त्याला म्हणाले. "मी निशाणी करतो."

त्याला आधी कळलंच नाही. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी तेव्हा निशाणीची रीत होती. कुणब्याच्या नावापुढे नांगर काढत, बाईच्या नावापुढे बांगडी. लिहिणारा ती काढायचा आणि ज्याची निशाणी, त्याने टाकाला बोट लावायचं. कारकुनाने मान खाली घालून विचारलं, "दादा, निशाणी कसली काढू?"

दादांनी थोडा विचार केला. "नुसती रेघ मार."

त्याने रेघ मारली. दादांनी टाकाला बोट लावलं. खाली कारकुनाने 'हातची निशाणी' असं लिहिलं. त्याचं अक्षर हुबेहूब दादांच्या वळणाचं होतं.

दादा मग शेवटपर्यंत आमच्याकडे ठाण्याला राहिले. बाजार करायचे, झाडांना पाणी घालायचे. माझ्या मुलांना त्यांनी जुने कागद समोर ठेवून मोडी वाचायला शिकवली. लिहायला शिकवण्यासाठी मी एक पंतोजी लावले होते. ते यायच्या वेळेला दादा उपरणं खांद्यावर टाकून तळ्याकडे निघून जायचे आणि पंतोजी गेले असतील अशा बेताने परत यायचे.