चिंचेच्या बुंध्यावरचा मोर

स्टेडियमच्या फाटकाबाहेर आज पेरूवाली कौसाबाई भर उन्हात बसलेली दिसली. आत कमरेएवढं गवत वाढलंय, आणि ज्या चार दिवसांच्या स्पर्धेसाठी ते बांधलं, तिचं कर्ज गाव अजून घरपट्टीतून फेडतंय. पार्किंगसाठी तिच्या डोक्यावरची चिंच तोडली, तेव्हा पाहुण्यांना बुंधा दिसू नये म्हणून त्यावर रांगोळी कोणी काढली? मीच, महिला मंडळाची तेव्हाची तरुण, हौशी अध्यक्षीण, नवी पैठणी नेसून. झाडावरच्या चिमण्या उडून गेल्या होत्या, म्हणून या बाईसाहेबांनी मोर काढला.

“ऊन फार आहे गं,” पेरू निवडताना मी पुटपुटले.

“सवय झाली, ताई. तुमचा मोर मात्र लई देखणा होता,” ती हसून म्हणाली. “पुसून जाऊ नये म्हणून चार दिस मी बुंध्यावर टेकलेच न्हाई. उभ्यानंच पेरू विकले.”